गमलियेलाच्या पायांशी

आपल्या मंडळीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने रोमन कॅथोलिक विद्यापीठात जाऊन ईश्वरविज्ञानाचे उच्च शिक्षण घ्यावे काय? आणि घ्यायचे ठरविले, तर मंडळीने प्रार्थना करून, जमल्यास चार पैसे हाती देऊन पाठवावे काय? हा प्रश्न आमच्या सीमाभागात अधूनमधून निघतो आणि बहुधा अर्धवटच राहतो. कोणी म्हणतो, "शिक्षण ते शिक्षण, कुठे का होईना." कोणी म्हणतो, "तिकडे गेला तो गेलाच." दोन्ही उत्तरे देणाऱ्याचा विचार करण्याचा त्रास वाचवितात, म्हणून ती आम्हांला पुरेशी वाटत नाहीत.

संकेश्वरात बसून पाहिले तर हा प्रश्न दूरदेशीचा नाही. पुणे-बेंगळूरु महामार्ग येथूनच जातो. त्या रस्त्याच्या एका टोकाला, पुण्यात, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे; ती १९८३ साली यवतमाळहून तेथे आली. त्याच पुण्यात नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली सिलोनमधील कँडी येथे जी पेपल सेमिनरी स्थापिली, तिच्यातून हे विद्यापीठ वाढले व १९५५ साली पुण्यास आले. दुसऱ्या टोकाला बेंगळूरात १९१० पासूनचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, आणि त्याच शहरात कॅथोलिकांचे धर्माराम विद्याक्षेत्र. म्हणजे संकेश्वरच्या स्टँडवर उभ्या राहिलेल्या आपल्या मुलाने कोणत्याही दिशेची बस धरली, तरी पोहोचेल त्या शहरात दोन्ही दारे आहेत. प्रश्न दाराच्या अंतराचा नाही, उंबरठ्याचा आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की कॅथोलिक विद्यापीठ म्हणजे केवळ अविवाहित धर्मगुरू घडविण्याची जागा. पूर्वी बऱ्याच अंशी तसे होतेही. पण पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली अशा विद्यापीठांसाठी जे विधान काढले, त्यात धर्मगुरू व सामान्य विश्वासणारे या दोघांनाही प्रवेश मोकळा ठेवला. आणि १९९३ साली निघालेल्या ऐक्यविषयक निर्देशिकेत ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणात इतर मंडळ्यांशी सहकार्य करण्यास स्पष्ट जागा दिली. पदव्यांची रचना तीन पायऱ्यांची असते: पहिली पदवी, तिच्यावर दोन वर्षांची 'लायसेन्शिएट' आणि मग डॉक्टरेट. आपल्याकडे सेरामपूरची बी. डी. आणि एम. टीएच. असते. सेरामपूर कॉलेज कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ साली काढले, आणि पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला. त्यांच्या पदवीवर पोपचा शिक्का आहे म्हणून नाक मुरडणाऱ्याने आपल्या पदवीवर एका राजाचा शिक्का आहे हे ध्यानात ठेवलेले बरे. देवाविषयीच्या ज्ञानालाही प्रमाणपत्र मात्र माणसाचेच लागते.

आता वडीलधाऱ्यांच्या भीतीकडे येऊ. ही भीती अडाणीपणाची आहे असे म्हणून ती उडवून लावणे आम्हांला मान्य नाही. ज्यांच्या आजा-पणजाने विश्वासासाठी गाव, वाडा, नातीगोती सोडली, त्यांना आपला नातू हातचा जाईल असे भय वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय इतिहास त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. बाबा पदमनजी यांचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. १८३१ साली बेळगावात जन्मलेला हा कासार कुटुंबातला मुलगा मिशनच्या शाळेत गेला, पुढे मुंबईला फ्री चर्चच्या विद्यालयात शिकला, आणि १८५४ साली बेळगावातच त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे 'यमुनापर्यटन' लिहून त्याने मराठीला कादंबरी दिली. आपण हे नाव अभिमानाने घेतो. पण त्या काळी मुलांना मिशनशाळेत घालताना ज्या आईबापांचे काळीज धडधडत होते, त्यांची भीती खोटी होती काय? नव्हती. तिकडे गेलेला मुलगा खरोखरच पहिल्यासारखा परत आला नाही. तेव्हा "शिक्षणाने कोणी बदलत नसतो" असे आपण तरी म्हणू शकत नाही. ज्या मंडळीचा जन्मच दुसऱ्याच्या शाळेत शिकलेल्या मुलांपासून झाला, तिने आपली मुले मात्र दुसऱ्याच्या शाळेत पाठवू नयेत असा नियम केला, तर तो कोणत्या तोंडाने करावयाचा?

यावर कोणी म्हणेल, तेव्हा मुले असत्याकडून सत्याकडे आली. आता सत्याकडून दुसरीकडे जातील. ठीक आहे. पण मग आपल्याजवळचे सत्य एवढे हलके आहे काय, की पुण्याच्या एका वर्गात दोन वर्षे बसल्याने ते गळून पडावे? आणि तसे पडलेच, तर जे पडले ते सत्य होते की नुसती सवय होती, हेही विचारावे लागेल. लहानपणापासून ज्या बाकावर बसलो तो बाक आपला वाटतो. तो बाक म्हणजे विश्वास नव्हे.

प्रेषित पौल यरुशलेमेत खवळलेल्या जमावापुढे उभा राहिला तेव्हा आपण गमलियेलाच्या पायांशी बसून शिकलो हे त्याने लपविले नाही (प्रे. कृत्ये २२:३). गमलियेल ख्रिस्ती नव्हता. तरी पौलाने त्याचे नाव आदराने घेतले. याच गमलियेलाने न्यायसभेत प्रेषितांच्या वाटेस जाऊ नका असा सबुरीचा सल्ला दिला होता (प्रे. कृत्ये ५), आणि त्याचा शिष्य शौल मात्र घरोघर शिरून विश्वासणाऱ्यांना तुरुंगात घालीत सुटला. पुढे तोच शिष्य गुरूच्याही पलीकडे गेला. दोन्ही वेळा तो गुरूची नक्कल नव्हता. शिक्षण माणसाच्या हाती साधने देते. त्यांचे काय होईल हे शिक्षकाच्याही हाती नसते.

हे ल्यूथरच्या बाबतीतही खरे आहे. त्याने एरफुर्टच्या विद्यापीठातून १५०५ साली एम. ए. केले आणि १५१२ साली विटेनबर्ग येथे ईश्वरविज्ञानाचा डॉक्टर झाला. त्या काळी जर्मनीत दुसऱ्या प्रकारचे विद्यापीठच नव्हते. जे होते ते रोमच्या आज्ञेत होते. पवित्र शास्त्र प्रामाणिकपणे शिकविण्याची डॉक्टर म्हणून घेतलेली शपथ आपल्यावर बंधनकारक आहे, असे तो पुढे वारंवार सांगत असे. म्हणजे ज्या सुधारणेची आठवण आपण दर ऑक्टोबरच्या अखेरीस करतो, ती कॅथोलिक विद्यापीठातल्या एका पदवीधराने आपल्या पदवीची जबाबदारी गंभीरपणे घेतल्यामुळे सुरू झाली.

विद्यापीठाने त्याचे कौतुक केले असे मात्र कोणी समजू नये. आजच्या बेल्जियममधील लूव्हेन येथे १४२५ पासून विद्यापीठ आहे, आणि तेथील ईश्वरविज्ञान विभागाने १५१९ च्या नोव्हेंबरात ल्यूथरच्या मतांचा निषेध केला. तेथील पंडित लाटोमुस यांच्याशी ल्यूथरचा १५२१ साली जोराचा वाद झाला. इंग्रजी बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडेल पकडला गेला तेव्हा त्याच्याशी तुरुंगात वाद घालणाऱ्यांत व त्याची चौकशी करणाऱ्यांत हेच लाटोमुस होते. टिंडेलला १५३६ साली फिल्व्होर्डे येथे गळा आवळून ठार केले आणि प्रेत जाळले. आज त्याच लूव्हेनच्या विभागात इंग्रजीतून ईश्वरविज्ञान शिकविले जाते, आणि जगातल्या नाना मंडळ्यांचे विद्यार्थी तेथे बसतात. टिंडेलला विसरून तेथे जाऊ नये. पण टिंडेलसाठी तेथे जाऊच नये, हेही आम्हांला पटत नाही.

लूव्हेनविषयी आणखी एक गोष्ट सीमाभागातल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६८ साली हे विद्यापीठ धर्मावरून नव्हे तर भाषेवरून फुटले! डच बोलणाऱ्यांनी फ्रेंच बोलणाऱ्यांना बाहेर काढले. त्यांच्यासाठी दुसरे गाव वसवावे लागले. ग्रंथालयाची वाटणी करताना सम क्रमांकाचे ग्रंथ एकाला आणि विषम क्रमांकाचे दुसऱ्याला, असा हिशेब झाला. एकाच पोपला मानणारी, एकाच मिस्साला बसणारी माणसे ही. १९५६ पासून बेळगाव, निपाणी, संकेश्वर येथे पाट्यांच्या अक्षरांवरून काय काय होते ते पाहिलेल्या आपल्या वाचकांस यावर फार भाष्य नको.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तिच्यावरून एक युक्तिवाद नेहमी केला जातो तोही पाहू. संकेश्वरचा मराठी मुलगा कन्नड शाळेत शिकतो, कन्नडात निबंध लिहितो, बक्षीसही मिळवितो, आणि घरी येऊन आईशी मराठीच बोलतो. तो कन्नड शिकला म्हणून मराठी विसरला नाही. उलट मराठीचे व्याकरण त्याला जास्त कळले. तसेच कॅथोलिक ईश्वरविज्ञानाचे, असे म्हणतात. युक्तिवाद गोड आहे आणि काही अंतरापर्यंत खराही आहे. पण पुढे तो थांबतो. कन्नड खरी आणि मराठी खोटी असे कोणी म्हणत नाही. भाषा सत्याचा दावा करीत नाही. ईश्वरविज्ञान करते. प्रभुभोजनात भाकर भाकरच राहते, की तिचे तत्त्व बदलून केवळ बाह्य रूप तेवढे राहते, या दोन उत्तरांपैकी दोन्ही एकाच अर्थाने खरी असू शकत नाहीत. म्हणून तेथे जाणाऱ्याने "सगळे एकच" म्हणून जाऊ नये. सगळे एकच असेल तर एवढे भाडे खर्चून जायचे कशाला?

मग जायचे ते कशासाठी? ग्रंथालय मोठे, प्राध्यापक व्यासंगी, ही कारणे खरी असली तरी दुय्यम आहेत. आमच्या मते मुख्य कारण मोशेच्या आज्ञांत आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी जी आज्ञा, ती आपण नववी म्हणतो, कॅथोलिक व ल्यूथरन तिला आठवी म्हणतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा फरक मुलांना जरूर सांगावा, म्हणजे कॅथोलिक शेजाऱ्याच्या मुलाने "आठवी" म्हटले तर आपली मुले त्याला हसणार नाहीत. ही आज्ञा कोर्टातल्या साक्षीपुरती आहे असे आपण समजतो. पण व्यासपीठावरून, शब्बाथ शाळेच्या वर्गातून, लग्नाच्या मांडवात बसून आपण कॅथोलिकांविषयी जे बोलतो ती साक्षच असते, आणि ती ऐकताना ते हजर नसतात.

"ते मरियेची उपासना करतात", हे वाक्य आपल्याकडच्या किती मुलांना पाठ आहे! कॅथोलिक शिक्षण असे की उपासना एका देवाचीच. संतांना मान, आणि मरियेला त्याहून विशेष मान. या तिन्हींना त्यांच्याकडे लात्रिया, दुलिया आणि हायपरदुलिया अशी वेगळी नावेही आहेत. हा भेद प्रत्यक्ष जत्रेत, मिरवणुकीत, जपमाळेत किती टिकतो हा रास्त प्रश्न आहे आणि आपण तो विचारावा. मान म्हणून जे सुरू होते ते उपासनेपर्यंत सहज घसरते असे आमचेही मत आहे. पण आधी त्यांचे म्हणणे त्यांना मान्य होईल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे, मगच त्याच्याशी मतभेद सांगण्याचा अधिकार येतो. हे दुरून साधत नाही. त्यासाठी कोणीतरी त्यांच्या वर्गात बसून त्यांच्या तोंडून ते ऐकलेले असावे लागते.

याहून मोठी गोष्ट नीतिमान ठरण्याच्या शिक्षणाची. त्रेंतच्या सभेने १५४७ सालच्या जानेवारीत या विषयावर तेहतीस शापवचने काढली, आणि पुढची चारशे वर्षे दोन्ही बाजू त्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहिल्या. भिंतीत फट पाडणाऱ्यांपैकी एक हान्स क्यूंग नावाचा तरुण कॅथोलिक. त्याने याच विषयावर आपला प्रबंध लिहिला तो प्रॉटेस्टंट पंडित कार्ल बार्ट याच्या शिक्षणाचा अभ्यास करून. १९५७ साली ते पुस्तक निघाले तेव्हा बार्टनेच त्याला पत्र लिहून, आपले म्हणणे याने बरोबर मांडले आहे असे कबूल केले. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ल्यूथरन जागतिक संघ आणि रोम यांनी आउग्सबर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिच्यात जे शिक्षण मांडले आहे त्याला त्या जुन्या शापवचनांची बाधा नाही, असे दोघांनी मान्य केले. २००६ साली सोल येथे मेथडिस्टांनी तिला दुजोरा दिला, आणि २०१७ साली विटेनबर्ग येथे रिफॉर्म्ड मंडळ्यांनी. बेळगाव भागातल्या मेथडिस्ट वाचकांनी विचार करावा: आपल्या नावाने झालेला हा करार आपल्या किती उपदेशांत, किती शब्बाथ शाळांत आला? अजूनही ऑक्टोबर महिन्यात आपण मुलांना सांगतो की कॅथोलिक लोक कर्मांनी तारण विकत घेतात. सगळे मतभेद मिटले असे ती घोषणाही म्हणत नाही. पण जे मिटले आहेत ते मिटलेले नाहीत असे सांगणे, ही कसली साक्ष?

येथवर आम्ही जाण्याच्या बाजूने बोललो. आता जाणाऱ्याला जे सोसावे लागते ते सांगणेही आमचे कर्तव्य आहे, कारण पाठविणाऱ्यांना त्याची कल्पना नसते.

पहिली गोष्ट मेजाची. वर्गात तो सर्वांबरोबर बसेल, भोजनगृहात त्याच पातेल्यातले वरण वाढून घेईल, परंतु प्रार्थनामंदिरात मिस्साच्या वेळी सर्व उठून पुढे जातील तेव्हा तो बाकावर बसून राहील. कॅथोलिक मंडळीचा सर्वसाधारण नियम असा की प्रभुभोजन कॅथोलिकांनाच द्यावे. गंभीर प्रसंगीचे अपवाद थोडे आहेत. दानिएलाने खास्द्यांची भाषा व विद्या शिकून घेतली पण राजाच्या मेजावरचे अन्न नाकारले (दानिएल १). येथे उलटे आहे: विद्यार्थी नाकारीत नाही, मेजच त्याला बंद आहे. (दानिएलाचा दाखला देताना एक सावधगिरी हवी, रोमला बाबेल म्हणण्याची आपली जुनी खोड त्यातून पुन्हा वर येते.) एकाच प्रभूचे नाव, एकच भाकर, आणि रोज सकाळी आपण बाहेर. हे दुःख आहे, आणि ते दुःख म्हणूनच राहू द्यावे. त्यावर रागाने पांघरूण घालणारा तेथे शिकत नाही. "त्यात काय एवढे" म्हणणारा प्रभुभोजनच विसरला आहे.

दुसरी गोष्ट परीक्षेची, आणि ही आम्हांला सर्वांत अवघड वाटते. प्रश्नपत्रिकेत तत्त्वांतराविषयी प्रश्न येतो. आपला विद्यार्थी थोमस अक्वायनसचे म्हणणे नीट मांडतो, पहिला वर्ग मिळवितो, पण त्यावर त्याचा विश्वास नाही. हे खोटे बोलणे झाले काय? आमच्या मते नाही. "थोमस असे म्हणतो" हे सांगणे वेगळे आणि "मी असे मानतो" हे कबूल करणे वेगळे. इतिहासाचा शिक्षक अकबराचे धोरण समजावतो म्हणून तो अकबराच्या दरबारी होत नाही. एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होते. आमचे होत नाही. जो माणूस दोन वर्षे, चार वर्षे केवळ "अमका असे म्हणतो, तमका तसे म्हणतो" एवढेच लिहितो, त्याचे "मी मानतो" म्हणण्याचे स्नायू हळूहळू दुबळे होतात. मग तो गावी परततो, आजारी म्हातारीच्या खाटेजवळ उभा राहतो, ती विचारते, "बाळा, मेल्यावर मी प्रभूजवळ जाईन ना?" आणि त्याला सात मते आठवतात. हा धोका कॅथोलिक विद्यापीठापुरता नाही. आपल्या सेमिनऱ्यांतूनही अशी माणसे बाहेर पडतात. पण परक्या घरी तो अधिक असतो, कारण तेथे आपले मत उघड न बोलणे हे सभ्यपणाचे लक्षण ठरते. त्यावर उपाय एकच दिसतो: विद्यार्थ्याने आपल्या मंडळीच्या एखाद्या उपासनेला नेमाने जावे, आणि शक्य तर तेथे मुलांचा वर्ग घ्यावा. मुले "तुम्ही काय मानता?" हेच विचारतात.

तिसरी, शिक्षकांच्या स्वातंत्र्याची. वर ज्या क्यूंगचे नाव आले, त्याचा कॅथोलिक शिक्षक म्हणून शिकविण्याचा परवाना रोमने डिसेंबर १९७९ मध्ये काढून घेतला. कॅथोलिक विद्यापीठात सत्याचा शोध मोकळा असला तरी त्याला कुंपण आहे. आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी शिक्षकांना विश्वासाच्या कलमांवर सही करावी लागते, तेव्हा यात आपण फार वरचढपणा मिरवू नये. कुंपण कोठे आहे हे माहीत असले म्हणजे झाले.

या सर्वांत मनाचा तोल कसा राखावा याचे आम्हांला दिसणारे उत्तम उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्या रोमन कॅथोलिकांच्या नव्हे, तर इंग्लंडातील वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. तेथेच १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मठाची वृत्ती कॅथोलिक वळणाची, आज्ञापालनावर भर देणारी. रमाबाई त्यांच्या अन्नावर, त्यांच्या आश्रयाखाली, परदेशी, पदरी लहान मुलगी. तरीही सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी शिक्षणाच्या मुद्द्यांवर पत्रांतून सरळ वाद केला, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या स्वाधीन करणार नाही हे स्पष्ट कळविले. आणि त्याच भगिनींचे ऋण त्यांनी नाकारलेही नाही. उपकार मानणे म्हणजे मत गहाण टाकणे नव्हे, आणि मत राखणे म्हणजे उपकार विसरणे नव्हे, हे त्यांना पंचविशीत कळले होते.

परत आलेल्या विद्यार्थ्याशी मंडळी कशी वागते यावरही बरेच अवलंबून आहे. आपल्याला त्याच्याकडून एकच ऐकायचे असते: त्याने त्यांना कसे निरुत्तर केले. तो तसे सांगत नसेल तर आपण एकमेकांकडे पाहतो. मग तो बिचारा जे शिकला ते बोलतच नाही, आणि आपण पाठविलेले पैसे खरोखरच वाया जातात. त्यानेही हे ध्यानात धरावे की गुडघे टेकून रडत प्रार्थना करणारी त्याची आजी ईश्वरविज्ञानात त्याच्यापेक्षा मागे असेलच असे नाही. लॅटिन शब्द तिच्यापुढे फेकण्यासाठी कोणी त्याला पुण्याला धाडले नव्हते.

राहिली व्यवहाराची बाब. पोपच्या मान्यतेची पदवी आपल्या मंडळीत दीक्षेसाठी पुरी पडेल असे गृहीत धरू नये. बहुतेक मंडळ्या सेरामपूरची किंवा आपल्या ठरलेल्या सेमिनरीची पदवी मागतात, आणि कॅथोलिक विद्यापीठातला अभ्यास त्यावरचा म्हणून धरतात. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वीच पाळकसाहेबांमार्फत जिल्हा अधीक्षकांना किंवा बिशपांना लेखी विचारावे, आणि उत्तरही लेखी घ्यावे. पास्टरेट कमिटीने मदत मंजूर केली असेल तर ती किती वर्षांची, आणि परतल्यावर सेवेची अट आहे की नाही, हे वहीत नोंदवावे. आणि सुटीत तो घरी येईल तेव्हा शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी त्याला एका दुपारी बसवून घेऊन मरियेविषयी, जपमाळेविषयी, त्यांच्या बायबलातल्या सात अधिक पुस्तकांविषयी मुले जे प्रश्न विचारतात ते एकेक करून पुढे ठेवावेत.